विझलेलं रेडियम

नागपुरात जे चमकतं ते सगळं रेडियम. स्कूटरच्या प्लेटवरचे आकडे रेडियमचे, ट्रकच्या पाठीवरची लाल पट्टी रेडियमची, वरातीच्या गाडीच्या काचेवर चिकटवलेली नवरा-नवरीची नावंसुद्धा रेडियमची. सीताबर्डीच्या एका गल्लीत तर ओळीनं पाच-सहा दुकानांवर 'रेडियम आर्ट' असे बोर्ड आहेत, आणि आत बसलेल्या एकाचाही खऱ्या रेडियमशी काडीचा संबंध नाही. त्या गल्लीतून जाताना नीला पोफळी यांच्या कपाळावर हमखास आठी पडते. हा साधा प्लास्टिकचा चमकता कागद आहे, असं त्या शेजारून चाललेल्या नवऱ्याला दर वेळी सांगतात. तोही बिचारा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा "असं का" म्हणतो आणि पुढं भाजीचं विचारतो.

नीलाताईंना या शब्दाचा एवढा राग यायला कारण आहे. धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी एक्स-रे काढण्यात घालवली. गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतच्या लोकांची हाडं त्यांनी पाहिली आहेत, चेहरे मात्र फारसे लक्षात नाहीत. 'श्वास घ्या, धरा, सोडा' एवढंच बोलायची सवय लागल्यामुळं घरातही त्यांचं बोलणं हुकमासारखंच असतं. सून पहिल्यांदा घरी आली तेव्हा दोन दिवस घाबरून होती. मग तिला कळलं की सासूबाई रागावलेल्या नाहीत, त्यांचा आवाजच तसा आहे.

घड्याळांचा नाद त्यांना दवाखान्यातच लागला. फिल्मवर एक्स-रे निघायचे त्या काळातली गोष्ट. एकदा आठवडाभर प्रत्येक पेशंटच्या फिल्मवर काळे ठिपके यायला लागले. कुणाच्या गुडघ्यावर, कुणाच्या फुप्फुसावर, पण ठिपके तेच आणि गोल रांगेत मांडलेले. हाडांच्या डॉक्टरांनी एका आजोबांना तर नवीन काहीतरी झालंय की काय म्हणून पुन्हा तपासलं. नीलाताईंनी ते ठिपके मोजले, ते बारा भरले, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोऱ्या फिल्मचा डबा ज्या कपाटात होता, त्याच कपाटात डबा टेकवून डॉक्टरांचं वडिलोपार्जित घड्याळ ठेवलेलं होतं. त्याच्या आकड्यांवरचं रेडियम डब्याच्या पुठ्ठ्यातून आरपार जाऊन फिल्मवर उमटत होतं. घड्याळ बाहेर गेलं, ठिपके थांबले, आणि नीलाताईंच्या मागं एक नवीन खूळ लागलं.

मग त्यांनी वाचून, विचारून, हाताळून बरंच काही जमवलं. जुन्या स्विस घड्याळाचं वय सांगायच्या दोन वाटा त्यांना पाठ झाल्या. एक म्हणजे मागचं झाकण उघडल्यावर यंत्रावर कोरलेला आकडा. कंपन्या हे आकडे चढत्या क्रमानं देत, म्हणून कोणत्या वर्षी साधारण किती आकडा चालू होता याचे तक्ते मिळतात. दुसरी वाट तबकडीवरच्या चमकीची. साठच्या आसपासपर्यंत रेडियम लावत. त्यात धोका आहे हे उमगल्यावर ट्रिटियम आलं, आणि मग बहुतेकांनी तबकडीच्या तळाशी 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' छापायला सुरुवात केली. नव्वदीच्या शेवटी शेवटी तेही गेलं आणि नुसत्या उजेडावर चमकणारी निरुपद्रवी पावडर आली. आकडा एक सांगतो आणि चमक दुसरं सांगते तेव्हा समजायचं की मधे कुणीतरी हात मारलाय. आपल्याकडं तर तबकडी जराशी डागाळली की रंगवून घ्यायची पद्धत. त्यामुळं यंत्र खरं, डबी खरी आणि चेहरा मात्र इतवारी बाजारातल्या रंगाऱ्याचा, असली घड्याळं त्यांच्याकडं पोत्यानं आली.

लोक आशेनं येत आणि बहुधा तोंड पाडून जात. नीलाताई गोड बोलून सांगणाऱ्यांतल्या नाहीत. "तबकडी रंगवलेली आहे, काटे दुसऱ्या घड्याळाचे आहेत, यंत्र तेवढं खरं आहे," एवढं बोलून त्या घड्याळ परत करत आणि चहा विचारत. चहा चांगला असे, एवढंच काय ते समाधान.

दवाखान्यात सगळं कॉम्प्युटरवर आलं तेव्हा मुदत संपलेल्या फिल्मचे डबे भंगारात निघाले. रीतसर विचारून नीलाताईंनी त्यातले काही घरी आणले. मागच्या न्हाणीला काळा पडदा लावला, लाल दिवा बसवला, फिल्म धुवायची औषधं दोन टबांत भरली. नवऱ्यानं त्या न्हाणीची आशा तेव्हापासून सोडली. घड्याळ फिल्मच्या काळ्या पाकिटावर काही दिवस पालथं ठेवायचं आणि मग फिल्म धुवायची. रेडियम असेल तर काळे ठिपके उमटतात, मग डोळ्यांना ते चमको न चमको. ट्रिटियम काचेबाहेरच पडत नाही आणि साध्या रंगाचं तर विचारायलाच नको, तिथं फिल्म कोरीच राहते. शेजारी स्वतःचं एक खात्रीचं रेडियमवालं गजराचं घड्याळ त्या नेहमी ठेवत. ते उमटलं म्हणजे फिल्म आणि औषध दोन्ही ठीक आहेत असं समजायचं.

जितेंद्र वैरागडे त्यांच्याकडं आला तो गेल्या वर्षी, होळीच्या आधी. रामटेकला त्याची भाताची गिरणी आहे. पन्नाशी उलटलेला, अंगानं दांडगा, पण नीलाताईंच्या दिवाणखान्यात खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. रुमालात बांधलेलं घड्याळ त्यानं टेबलावर ठेवलं.

"मॅडम, मले याची किंमत नाही विचाराची," तो म्हणाला. "मले एवढंच सांगा का हे रेडियमचं आहे का नाही."

"काहून? चमकत नाही का?" नीलाताईंनी विचारलं. रामटेकच्या माणसाशी बोलताना त्यांचीही भाषा आपोआप तिकडं कलते.

"तेच तर लफडं आहे ना," असं म्हणून जितेंद्रनं सगळं सांगितलं. त्याच्या मुलीचं, सोनिकाचं, लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांनी काही मागितलं नव्हतं. आपल्या वडिलांच्या हातातलं घड्याळ जावयाला द्यावं, अशी जितेंद्रची आपली हौस. पण त्याची आई, पुष्पलताबाई, ऐकताच उसळली. हे नकली घड्याळ पुन्हा कोण्या लग्नात निघालं तर मी मांडवात पाय ठेवणार नाही म्हणाली.

गोष्ट बासष्ट सालातली. पुष्पलताबाईंचे वडील मनोहरराव तुमसरजवळच्या मँगनीजच्या खाणीवर कारकून होते. लग्नाच्या बैठकीत त्यांनी जावयाला, म्हणजे रुपरावांना, 'रेडियमचं घड्याळ' कबूल केलं. तेव्हा त्या भागात ते मोठं अप्रूप होतं. लग्नाच्या दिवशी घड्याळ दिलंही. पण मुलाचे मामा चौकस. भर दुपारी घड्याळ घेऊन ते धान्याच्या कोठीत शिरले, दार लावून घेतलं, आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन अख्ख्या मांडवासमोर म्हणाले, "हे रेडियम नाही. अंधारात दिसत नाही." लग्न मोडलं नाही, पण पुष्पलताबाई सासरी गेल्या त्या नकली घड्याळवाल्याची पोरगी म्हणून. सासूनं, आतेसासूनं, नणदांनी तो शब्द मरेपर्यंत सोडला नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी घड्याळ निघायचं. रुपरावांनी मात्र ते घड्याळ जन्मभर हातात घातलं आणि त्यावर एक शब्द काढला नाही.

"मनोहरराव काय म्हणत होते?" नीलाताईंनी विचारलं.

"पहिले तं म्हणत, खरंच आहे. मंग दोन-तीन सालानं रामटेकले येऊन त्यायनं माह्या आजीसमोर हात जोडले. म्हणाले, चूक झाली, मी नकली देलं." जितेंद्र रुमालाची घडी करत राहिला. "मायनं त्याच्यानंतर माहेर तोडलं म्हणा ना. बाप गेला तवाच गेली तुमसरले. तिले एकच वाटते, आपल्या बापानं आपल्याले फसवून त्या घरात धाडलं."

नीलाताईंना वाटलं, माणसानं स्वतःच कबूल केल्यावर तपासायचं तरी काय. तरी त्यांनी घड्याळ घेतलं, जितेंद्रला चहा दिला आणि नंतर कळवते म्हणाल्या.

गॅलरीत बसून, हातमोजे आणि मास्क घालून त्यांनी मागचं झाकण उघडलं. यंत्र स्वच्छ होतं. आकडा तक्त्याशी ताडला तर त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा निघाला. म्हणजे यंत्र खरं, आणि लग्नाच्या वेळीच चांगलं अठरा वर्षांचं जुनं. तबकडीच्या तळाशी कुठंही 'टी' नव्हता, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. आकड्यांजवळचे ठिपके तपकिरी, वाळक्या मोहरीच्या रंगाचे. ते रेडियम असू शकत होतं, किंवा कुण्या रंगाऱ्यानं लावलेला साधा रंगही. उजेड दाखवून अंधार केला तर काही म्हणता काही चमकलं नाही. तेव्हा फिल्मच लावायला हवी होती. त्यांनी पाकिटावर दोन्ही घड्याळं पालथी ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

इथं त्यांच्याकडून चूक झाली. जितेंद्रचे फोन सुरू झाले. सकाळी एक, संध्याकाळी एक, आईनं विचारलंय म्हणून आणखी एक. शेवटी वैतागून त्यांनी फिल्म धुतली, लाल दिव्यात पाहिली, तर सगळी राखाडी. ओली फिल्म हातात असतानाच फोन वाजला. एरवी फिल्म वाळल्याशिवाय त्या कुणालाही काही सांगत नाहीत, हा त्यांचा दवाखान्यातला नियम. त्या दिवशी त्या बोलून गेल्या, "फिल्मवर काही आलेलं नाही हो."

"म्हणजे नकलीच," जितेंद्र म्हणाला. "ठीक आहे मॅडम. सांगतो मायले."

फिल्म दोरीवर लावताना त्यांचं लक्ष गेलं की गजराचं घड्याळही उमटलेलं नाही. ते तर खात्रीचं होतं. म्हणजे फिल्म नाही, औषध मेलं होतं. उन्हाळा लागला की पत्र्याखालच्या त्या न्हाणीत औषध पटकन उतरतं, हे त्यांना माहीत होतं आणि तरी त्यांनी जुनंच वापरलं होतं. त्यांनी लगेच जितेंद्रला फोन लावला.

"मॅडम, मी मायले सांगून बसलो," तो म्हणाला. "ते म्हणे, माहीतच होतं मले. अन् उठून आपल्या कामाले लागली."

नीलाताईंना स्वतःची लाज वाटली. सगळ्या नोकरीत त्यांनी एकाही पेशंटला ओल्या फिल्मवरून निदान ऐकवलं नव्हतं, आणि आता एका ऐंशी वर्षांच्या बाईला ऐकवलं होतं, तेही परस्पर. "पुन्हा करते," एवढंच त्या म्हणाल्या. "निघेल ते निघेल, पण या वेळी मी स्वतः येऊन सांगते."

नवीन औषध आणलं, नवीन फिल्म लावली, आणि या वेळी फोन नवऱ्याच्या ताब्यात दिला. तो आलेल्या प्रत्येक फोनला "मॅडम पूजेत आहेत" म्हणून सांगत राहिला. नीलाताई आयुष्यात कधी पूजेला बसल्या नव्हत्या. पुरेसे दिवस जाऊ दिल्यावर त्यांनी फिल्म धुतली, वाळू दिली, आणि खिडकीशी धरली. एका बाजूला गजराच्या घड्याळाचे ठसठशीत काळे आकडे होते. दुसऱ्या बाजूला मनोहररावांचं घड्याळ होतं. बारा ठिपके, आणि मधे दोन काट्यांच्या बारीक रेघा. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "उद्या रामटेकला जायचंय. गाडी तू चालव."

गिरणीच्या मागंच जितेंद्रचं घर होतं. लग्नघर असल्यामुळं अंगणात खाटांवर कुरड्या वाळत घातल्या होत्या आणि पुष्पलताबाई त्यांच्यापाशी काठी घेऊन चिमण्या हाकलत बसल्या होत्या. ठेंगणी, सावळी, ताठ बसलेली बाई. पाहुण्या कोण ते जितेंद्रनं सांगितल्यावर त्यांनी काठी बाजूला ठेवली, पण चेहरा तसाच राहिला.

"आजी, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं," नीलाताई खाटेच्या कडेला बसत म्हणाल्या. "औषध खराब होतं. तुमचं घड्याळ रेडियमचंच आहे." आणि त्यांनी फिल्म उन्हाकडं धरली. "हे मी काढलेलं नाही. हे घड्याळानं अंधारात पडून स्वतः काढलं आहे."

पुष्पलताबाईंनी फिल्म हातात घेतली, जवळ नेली, लांब नेली. "हे बारा," त्या म्हणाल्या. "अन् हे काटे." मग विचारलं, "मंग चमकत काहून नव्हतं? मामसासरे कोठीत घेऊन गेले होते. सगळ्यायनं पाह्यलं."

नीलाताईंनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट सावकाश समजावून सांगितली. रेडियम स्वतः चमकत नाही. त्याच्यासोबत एक पावडर मिसळलेली असते, ती चमकते. रेडियम तिला सारखं धक्के देत राहतं, आणि धक्के खाऊन खाऊन ती पावडर काही वर्षांत मरून जाते. रेडियम मात्र शेकडो वर्षं टिकतं. "हे घड्याळ तुमच्या लग्नाच्या वेळीच अठरा वर्षांचं होतं. पावडर केव्हाच मेलेली होती. तुमच्या वडिलांना हे ठाऊक असायचं काही कारण नाही, आणि मामांनाही नाही."

"म्हणजे ते खरं होतं म्हणूनच विझलं?"

"हो," नीलाताई म्हणाल्या. "पण ते नवं नव्हतं आजी, जुनं घेतलेलं होतं. हेही मला सांगितलंच पाहिजे."

"नवं कोण म्हणलं होतं वं बाई," पुष्पलताबाई म्हणाल्या. "खाणीवरचा गोरा साहेब चालला होता इलायतले. त्याच्यापासून घेतलं होतं बाबूजीनं. बैठकीत रेडियमचं म्हणलं होतं. नवं म्हणून नाही म्हणलं कोणी."

जितेंद्र पाण्याचे पेले घेऊन उभा होता. त्याला काही राहवलं नाही. "पण माय, आजोबानं कबूल काहून केलं मंग? खरं होतं तं हात काहून जोडले?"

चिमण्या कुरड्यांवर येऊन बसल्या तरी पुष्पलताबाईंनी काठी उचलली नाही.

"मीच म्हणलं होतं त्याले," त्या म्हणाल्या. "तू पोटात होता. सासू जेवू देत नव्हती धड. दिवाळीले बाबूजी न्यायले आला, मी त्याच्या पायाशी बसली अन् म्हणलं, बाबूजी, एक डाव कबूल करून टाका ना. खरं असो का खोटं असो. तुम्ही कबूल केलं का हे लोक गप बसतील. तो म्हणाला, पोरी, घड्याळ खरं आहे. मी म्हणलं, मले घड्याळ नाही पायजे, मले दोन घास सुखाचे पायजे. मंग गेला तो आत. हात जोडले." त्यांनी पदर तोंडाला लावला. "अन् त्याचं बोलणं ऐकून मलेच वाटलं, का बाप्पा, खरंच नकली देलं होतं यानं. मीच त्याले बोलाले लावलं, अन् मीच ते खरं धरलं."

त्या रडल्या, आणि मोठ्यानं रडल्या. घरातून सोनिका धावत बाहेर आली, तिला काय झालंय ते कळेना, ती आजीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. नीलाताईंना लोकांच्या रडण्याची सवय होती, दवाखान्यात रोजचं होतं. पण त्या दिवशी त्यांच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांना मनोहररावांचा विचार आवरेना. घड्याळ खरं आहे हे त्या घरात एकट्या त्यांनाच माहीत होतं, आणि तरी लेकीच्या दोन घासांसाठी ते हात जोडून खोटं बोलून गेले होते.

शेवटी चहा झाला. हे घड्याळ रोज हातात घालू नका, काच कधी उघडू नका, डब्यात ठेवून डबा झोपायच्या खोलीबाहेर ठेवा, असं नीलाताईंनी बजावून सांगितलं. मग जावयाला ते द्यायचा प्रश्नच उरला नाही. जितेंद्रनं मान डोलावली आणि पाहुण्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून आतून लग्नाची पत्रिका आणली. कोपऱ्याला हळद-कुंकू लावून नीलाताईंच्या हातात दिली. दोघांनीही नक्की यायचं म्हणाला.

"दाखव," पुष्पलताबाई म्हणाल्या.

नीलाताईंनी पत्रिका त्यांच्याकडं दिली. त्यांनी चष्मा लावला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं रीतीप्रमाणं घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांची नावं होती. कै. रुपराव, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा, आणि मुलाचे मामा म्हणून मांडवात निकाल देणारे ते मामासुद्धा.

"याच्यात माह्या बापाचं नाव नाही," त्या म्हणाल्या.

"माय, आपल्याकडं बाईच्या माहेरचे नावं नसतात ना वर," जितेंद्र म्हणाला. "माह्या लग्नाच्या पत्रिकेतही नव्हतं."

"मामसासऱ्याचं आहे. तो कोण्या नात्यानं आहे? माह्या सासूच्या माहेरचाच ना?"

जितेंद्र म्हणाला, "छापून झाल्या माय. अर्ध्या वाटून झाल्या."

"तं पुन्हा छाप," पुष्पलताबाई म्हणाल्या. "सगळ्यायच्या वर टाक. कैलासवासी मनोहरराव, तुमसर. ज्याच्या ज्याच्या घरी गेल्या, तिथं जाऊन ह्या वापस आण अन् त्या दे. विचारलं कोणी काहून, तं सांग काहून ते."

जितेंद्रनं आईकडं पाहिलं, मग नीलाताईंकडं पाहिलं, आणि कुंकू लावलेली पत्रिका आईच्या हातून परत घेतली.